रान विकायच्या आधी

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

मॅडम, सप्रेम नमस्कार. आम्ही करवीर तालुक्यातले. माझ्या मिस्टरांचं वय ४३. अडीच वर्षांपूर्वी त्यांचं किडनी ट्रान्सप्लांट झालं. किडनी सासूबाईंनी दिली. पहिलं वर्ष चांगलं गेलं. गेल्या चौदा महिन्यांत मात्र पाच वेळा युरीन इन्फेक्शन झालं. दोनदा थंडी वाजून ताप आला, अ‍ॅडमिट करून इंजेक्शनं द्यावी लागली. तीनदा ताप नव्हता, काही त्रासही नव्हता, पण कल्चरमध्ये जंतू आले म्हणून गोळ्यांचा कोर्स झाला. दर वेळी जंतू तोच, क्लेबसिएला. शेवटच्या रिपोर्टमध्ये जवळजवळ सगळ्या औषधांपुढे ‘आर’ आहे, म्हणजे ते औषध या जंतूवर चालत नाही. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी औषध निवडणं अवघड जाईल.

भाच्याने फेज थेरपीचा व्हिडिओ दाखवला. जंतू मारणारे विषाणू म्हणे. एका एजंटाशी बोललो. तो जॉर्जिया देशातून औषध मागवून देतो, नाहीतर तिकडे घेऊन जातो म्हणतो. रक्कम मोठी आहे, वीस गुंठे उसाचं रान विकावं लागेल. शेजारच्या काकू म्हणतात, एवढं कशाला, गंगाजलात तेच असतं. कुंभमेळ्याहून आणलेली बाटली त्यांनी दिलीय, रोज चमचाभर द्या म्हणाल्या. अशक्तपणा जावा म्हणून मिस्टर रोज संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर दूध पिऊन येतात. सासूबाई रोज सकाळी विचारतात, “माझी किडनी बरी हाय न्हवं?” मला काय उत्तर द्यावं कळत नाही. रान विकू का?

– एक वाचक

ताई,

रान विकू नका. निदान आत्ता नको, आणि एजंटाच्या शब्दावर तर नकोच. पुढे कधी तशी वेळ आलीच, तर त्याआधी हातात काय काय असायला हवं ते सांगते. पण तिथे पोचायला थोडा वळसा पडेल.

मी किडनीची डॉक्टर नाही. तीस वर्षं प्रयोगशाळेत लोकांच्या लघवीतले, थुंकीतले, जखमांतले जंतू वाढवले आणि त्यांचे रिपोर्ट लिहिले. त्यामुळे कोणतं औषध किती द्यायचं हे मी सांगणार नाही, ते तुमच्या ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांचं काम. क्लेबसिएला मात्र माझ्या चांगल्या ओळखीचा. जंतू वाढवायच्या प्लेटवर तो शेंबडासारखा चिकट वाढतो. लूपने, म्हणजे तारेच्या फाशाने, उचलायला जावं तर तार ओढल्यासारखा मागे येतो. हा चिकटपणा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: “तीनदा ताप नव्हता, काही त्रासही नव्हता.” म्हणजे पाच इन्फेक्शनं झाली असं तुम्ही म्हणता, पण माझ्या हिशेबाने ती दोन झाली. उरलेल्या तीन वेळा लघवीत जंतू सापडले, एवढंच. लघवीत जंतू असणं वेगळं आणि लघवीचा आजार होणं वेगळं. किडनी बदललेल्या माणसाच्या मूत्रमार्गात जंतू वस्ती करून राहतात आणि पुष्कळदा काही करत नाहीत. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात स्पष्ट म्हटलंय की ट्रान्सप्लांट होऊन महिना उलटला असेल आणि रुग्णाला लक्षणं नसतील, तर असे जंतू मुद्दाम शोधूही नयेत आणि सापडलेच तर औषध देऊ नये. औषध दिल्याने पुढचे तापाचे झटके टळतात असं दिसलेलं नाही. उलट जे जंतू उरतात ते जास्त चिवट असतात.

तुम्ही ऊस लावता म्हणून उसाच्या भाषेत सांगते. एकच तणनाशक दर दोन महिन्यांनी मारत राहिलात तर शेवटी रानात काय उरतं? लव्हाळा. आणि इथे ते रान म्हणजे नुसतं मूत्राशय नाही. गोळी पोटातून जाते, आतड्यातही क्लेबसिएला असतोच, आणि तिथला साधा क्लेबसिएला मरून निगरगट्ट तेवढा मागे राहतो. पुढच्या वेळी लघवीत उतरतो तो हाच. तुमच्या रिपोर्टवरच्या ‘आर’ची रांग बहुतेक अशीच वाढत गेली असणार.

याचा अर्थ डॉक्टरांशी भांडायला जा असा नाही. ट्रान्सप्लांटचा पेशंट समोर असला की कल्चरमध्ये लाखभर जंतू बघून हात आवरणं सोपं नसतं, हे मी जवळून पाहिलंय. चालू कोर्स आपल्या मनाने बंदही करायचा नाही. फक्त पुढच्या वेळी विचारा, “डॉक्टर, यांना ताप नाही, जळजळ नाही, क्रिएटिनिन जागेवर आहे, तर थांबून बघता येईल का?” (क्रिएटिनिन म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा.) एवढं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. याची दुसरी बाजूही तितकीच पक्की धरा. ताप, थंडी, पोटात खालच्या बाजूला जिथे नवी किडनी बसवलीय तिथे दुखणं, लघवी कमी होणं, उलट्या, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता सुद्धा निघायचं. ते स्टिरॉइड घेत असतील तर ताप अंगातच दबून राहू शकतो, म्हणून थर्मामीटरचा आकडा लहान दिसला तरी माणूस मलूल वाटला की निघायचंच.

आता खरा प्रश्न. दोनदा तापाने आणि तीनदा न बोलवता तोच जंतू येतो, तर त्याला घर कुठेतरी मिळालंय. ते घर शोधलं का? पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही, म्हणून मला शंका येते.

फाईल काढा आणि पहिलं हे बघा: ऑपरेशनच्या वेळी मूत्रनलिकेत स्टेंट बसवला असेल, तर तो काढल्याचा कागद आहे का? सहसा काही आठवड्यांत तो काढतात. पण गावाकडून येणारा पेशंट, एखादी चुकलेली तारीख, मध्येच आलेला पूर, आणि स्टेंट आतच राहून गेला, अशा गोष्टी घडतात. प्लास्टिकच्या त्या नळीवर जंतूंचा थर धरतो, आणि त्या थराखाली औषध नीट पोचत नाही. मुतखड्याचंही तेच.

मग मूत्राशय. ट्रान्सप्लांटच्या आधी किती वर्षं डायलिसिसवर होते? ज्यांची लघवी वर्षानुवर्षं बंद असते त्यांचं मूत्राशय आक्रसतं आणि नंतर नीट भरायचं-रिकामं व्हायचं विसरतं. लघवी करून झाल्यावर आत किती उरते हे साध्या सोनोग्राफीत कळतं. हा आकडा मला पाच कल्चर रिपोर्टांपेक्षा मोलाचा वाटतो. साचलेलं पाणी जिथे, डास तिथे. लघवी उलटी नव्या किडनीकडे चढते का हे बघायची वेगळी तपासणी असते, ती गरज वाटली तर डॉक्टर सांगतील.

आणि जुन्या किडन्या. बऱ्याच घरांत हे माहीतच नसतं की नवी किडनी बसवताना जुन्या दोन्ही सहसा काढत नाहीत, त्या आपल्या जागी सुकून पडलेल्या असतात. त्यांत पाण्याच्या गाठी असतील तर जंतू तिथे दडून बसू शकतो. साखर तपासली का? टॅक्रोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) आणि स्टिरॉइड दोन्ही साखर वाढवतात. ट्रान्सप्लांटच्या आधी मधुमेह नव्हता म्हणून आता नसेलच असं धरून चालायचं नाही. बद्धकोष्ठाचंही विचारा, बाप्ये माणसं हे घरात सांगत नाहीत.

हे सगळं कोल्हापुरात होतं. यूरॉलॉजिस्टची एक भेट, एक सोनोग्राफी आणि थोडं रक्त. विकण्यासारखं यात काही नाही.

कल्चरबद्दल बोलल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण अर्धं आयुष्य त्यात गेलं. एप्रिल महिन्यात लोक सकाळी सहाला डबी भरून, पिशवीत घालून, एसटीने दोन-अडीच तासांनी आमच्याकडे पोचायचे. त्या उन्हात डबीतले थोडेसे जंतू कैक पटींनी वाढतात. मग रिपोर्ट लाखाचा, आणि औषध सुरू. डबी प्रयोगशाळेतच जाऊन भरावी, पहिली धार सोडून मधली घ्यावी. घरून न्यायचीच तर बर्फाच्या थर्मासमधून न्यावी. आणि घरात मागच्या कोर्सच्या उरलेल्या गोळ्या असतील, तर ‘कल्चर देईपर्यंत दोन घेऊन बघू’ हा प्रकार बंद. अशाने जंतू अर्धमेला होऊन प्लेटवर उगवत नाही, पण आत जिवंत राहतो, आणि मग मला रिपोर्टवर ‘वाढ नाही’ लिहावं लागायचं. सही करताना माहीत असायचं की हे खोटं आहे.

रिपोर्टवरच्या ‘आर’ आणि ‘एस’ची अक्षरं घरी बसून वाचू नका. ‘एस’ म्हणजे प्लेटवर जंतू त्या औषधाला दबला, पण ते औषध यांना चालेलच असं नसतं. नायट्रोफ्युरँटॉइन किडनीचं काम मंद असलेल्याच्या लघवीत पुरेसं उतरत नाही. कोलिस्टिन, अमिकॅसिन जंतूला मारतात पण किडनीलाही इजा करू शकतात. तसंच सगळीकडे ‘आर’ म्हणजे सगळं संपलं असंही नाही. डॉक्टरांना विचारा, या क्लेबसिएलाचा प्रतिकार कोणत्या जातीचा आहे, एनडीएम की ऑक्सा-४८, हे तपासता येईल का. कारण सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टम हे नव्या पिढीतलं इंजेक्शन ऑक्सा-४८ वर चालतं, एनडीएमवर एकटं चालत नाही. तिथे त्याच्या जोडीला अ‍ॅझ्ट्रिओनाम द्यावं लागतं. ही जोडी आपल्या देशात मिळते. महाग आहे, पण वीस गुंठ्यांइतकी नाही. (एनडीएममधला ‘एनडी’ म्हणजे न्यू दिल्ली. दिल्लीत उपचार घेऊन गेलेल्या स्वीडनच्या एका रुग्णात २००८ साली तो सापडला आणि आपल्या राजधानीचं नाव त्याला चिकटलं.)

आता फेज. भाच्याने दाखवलेला व्हिडिओ थापा मारत नसणार. फेज खरे असतात, मी डोळ्यांनी पाहिलेत, म्हणजे त्यांनी केलेलं काम पाहिलंय. प्लेटवर जंतूंची साय धरलेली असते. त्यावर फेजचा थेंब टाकून रात्रभर ठेवली की सकाळी त्या सायीत स्वच्छ, आरपार दिसणारी भोकं पडलेली असतात. फेज हा जंतूवर जगणारा विषाणू. माणसाच्या पेशीशी त्याला देणंघेणं नाही. जंतूला चिकटतो, आपला वारसा आत सोडतो, जंतूच्याच कारखान्यात स्वतःच्या प्रती काढून घेतो आणि शेवटी जंतू फोडून बाहेर पडतो. ईकोलाय या जंतूवरचा टी-४ नावाचा फेज अर्ध्या तासात एकाचे शंभरावर होतो.

हे काही कालचं नाही. पॅरिसमध्ये फेलिक्स द’हेरेल या माणसाने १९१७ मध्ये या विषाणूंना बॅक्टेरियोफेज हे नाव दिलं. कॉलऱ्यावर प्रयोग करायला तो १९२० च्या दशकात हिंदुस्थानातही येऊन गेला. त्याचा मित्र जॉर्ज एलियावा याने जॉर्जियाच्या तिबिलिसीत १९२३ मध्ये संस्था काढली, ती आजही चालू आहे. तुमचा एजंट सांगतो तो जॉर्जिया हाच. एलियावाला मात्र १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीत गोळ्या घातल्या गेल्या. पुढे पेनिसिलिन आलं आणि पश्चिमेकडच्या डॉक्टरांना फेजचं काम उरलं नाही. आता औषधं हरायला लागल्यावर पुन्हा आठवण झाली. व्हिडिओत बहुधा सॅन डिएगोचे प्राध्यापक टॉम पॅटरसन असतील. इजिप्तच्या सहलीत आजारी पडले, औषधाला न जुमानणाऱ्या अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जंतूने बेशुद्धीत नेलं, आणि २०१६ मध्ये फेज शिरेतून दिल्यावर ते परतले. गोष्ट खरी आहे. पण ते फेज त्यांच्या अंगातल्या त्याच जंतूवर तपासून, शोधून, शुद्ध करून घेतले होते, आणि सोबत अँटिबायोटिकही चालू होतं. व्हिडिओत हा भाग मिनिटभरात उरकला जातो.

तुमच्या कामाची गोष्ट त्याहून साधी आहे. नेदरलँड्समध्ये ५८ वर्षांचा एक माणूस, किडनी बदललेला, तुमच्या मिस्टरांसारखाच पुन्हा पुन्हा क्लेबसिएलाने हैराण. त्याला मेरोपेनेम या अँटिबायोटिकच्या जोडीने फेज दिले, तोंडाने आणि मूत्राशयात नळीतून, आणि त्याचा पिच्छा सुटला. पोलंडमध्येही साठीच्या एका किडनी बदललेल्या रुग्णाला असाच क्लेबसिएला होता, त्याच्यावर फेज वापरल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालंय. म्हणजे भाचा हवेत बोलत नाही.

पण एकेका रुग्णाच्या कहाण्या छापून येतात त्या बहुतेक यशाच्या. ज्याला गुण आला नाही त्याच्यावर लेख कोण लिहितो? म्हणून चाचणी लागते. तशी एक खुद्द तिबिलिसीत झाली, २०२१ च्या लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस या नियतकालिकात आली. प्रोस्टेटचं ऑपरेशन होणारे पुरुष, लघवीचं इन्फेक्शन असलेले. काहींच्या मूत्राशयात फेज सोडले, काहींच्या नुसतं फेज नसलेलं द्रावण, काहींना अँटिबायोटिक. गुण किती जणांना आला? फेजच्या २८ पैकी ५ जणांना, नुसत्या द्रावणाच्या ३२ पैकी ९ जणांना, अँटिबायोटिकच्या ३७ पैकी १३ जणांना. या आकड्यांवरून कुणी जिंकलं असं म्हणता येत नाही, संशोधकांनीही म्हटलं नाही. फेजने अपाय झाला नाही, एवढं समाधान. ही माणसं ट्रान्सप्लांटची नव्हती हेही खरं. पण आपलं रान विकणाऱ्या बाईला हे आकडे माहीत असलेच पाहिजेत. एजंटाने ते सांगितले होते का?

आणि आता तो चिकटपणा. क्लेबसिएलाच्या अंगावर साखरेचं जाड आवरण असतं, शेंबडासारखं दिसतं ते हेच. या आवरणाचे सत्तराहून जास्त प्रकार आहेत. फेज पहिल्यांदा त्या आवरणाला चिकटतो, म्हणून एका प्रकारावरचा फेज दुसऱ्या प्रकारावर बहुधा निरुपयोगी. कुलूप-किल्लीचा मामला आहे. क्लेबसिएलावरचं फेज म्हणून कुणी बाटली दिली, तर ती तुमच्या घरच्या कुलपाला लागते की नाही हे लावून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. त्याहून मजा म्हणजे तिबिलिसीच्या त्या चाचणीत जे तयार मिश्रण वापरलं, पायो नावाचं, त्यात ईकोलाय, स्टॅफ, स्ट्रेप, स्यूडोमोनास, प्रोटिअस यांच्यावरचे फेज असतात. क्लेबसिएलाचं नाव त्या यादीत नाही. एजंटाने बाटलीचं नाव सांगितलं असेल तर एकदा ताडून बघा.

म्हणून क्रम असा असायला हवा. मिस्टरांच्या लघवीतला जिवंत क्लेबसिएला प्रयोगशाळेने जपून ठेवलेला हवा. पुढचं कल्चर देताना हे आधीच सांगून ठेवा, लेखी द्या. रिपोर्ट गेला की आम्ही प्लेटा काही दिवसांत निर्जंतुक करून टाकून देतो, मागाहून मागितला तर जंतू नसतो. मग त्या जंतूवर एकेक फेज लावून बघितलेला, कोणता चालतो ते लिहिलेला कागद हवा. जंतू परदेशात पाठवायचा तर तो प्रयोगशाळेनेच, नियमाच्या डब्यातून, परवानगीने पाठवायचा असतो. बॅगेत डबी घालून विमानात बसायचं नाही. औषध परदेशातून स्वतःपुरतं आणायलाही सरकारी परवाना लागतो. आणि तिसरं म्हणजे कागद तुमच्या ट्रान्सप्लांट डॉक्टरांच्या सहीचा, की मी या उपचारात आहे, टॅक्रोलिमसची पातळी मी बघेन, सोबत अँटिबायोटिक कोणतं ते मी ठरवेन. तो नसेल तर तिकडे परक्या भाषेत, परक्या दवाखान्यात क्रिएटिनिन वाढलं तर बघणार कोण? शिवाय फेज ज्या जंतूवर वाढवतात त्याचं विष बाटलीत उरू शकतं. पिणं, मूत्राशयात सोडणं निराळं, शिरेत द्यायचं तर फार शुद्ध लागतं. या तिन्ही गोष्टी हातात आल्या, तर मी माझं मत बदलेन. तेव्हा मला पुन्हा लिहा, रान किती गुंठे ते आपण मग बोलू.

आपल्याकडे फेजवर काम होत नाही असं नाही. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात जुन्या, न भरणाऱ्या जखमांवर फेज लावून बघितलेत आणि ते छापून आलंय. पण जखमेवर लावणं सोपं, ती डोळ्यांसमोर असते.

काकूंची बाटली. त्यांना हसू नका, कारण त्या जे म्हणतात त्याला मुळाशी आधार आहे. अर्नेस्ट हॅन्किन नावाचा इंग्रज जंतुशास्त्रज्ञ आग्र्याला होता. त्याने १८९६ मध्ये लिहिलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, आणि तेच पाणी उकळलं तर हा गुण जातो. ते फेजच असावेत असं पुढे मानलं गेलं. पण फेज तिथेच असतो जिथे त्याचं खाद्य असतं. गंगेत आहेत तसे पंचगंगेतही आहेत, आणि जयंती नाल्यात तर फेज शोधणारा माणूस डबी घेऊन आनंदाने उतरेल, कारण सांडपाण्याइतकी दुसरी चांगली जागा नाही. म्हणून आपण ते पितो का? चमचाभर नदीच्या पाण्यात तुमच्या क्लेबसिएलाची किल्ली असण्याची शक्यता नगण्य, आणि बाकीचे जंतू पोटात जाण्याची शक्यता भरपूर. प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेल्या माणसाला ते द्यायचं नाही. बाटली देवघरात ठेवा, काकूंना सांगा पूजेला वापरतो. खोटं बोलावं लागणार नाही.

आणि ताई, ते कट्ट्यावरचं दूध आजच बंद. तुम्ही सहज लिहून गेलात, मी मात्र तिथेच अडकले. म्हशीच्या सडाखालचं गरम, फेसाळ दूध म्हणजे आपल्या गावाचं वैभव, तालमीतल्या पोराने अवश्य प्यावं. टॅक्रोलिमस घेणाऱ्याने नाही. न उकळलेल्या दुधातून ब्रुसेला, क्षय, आणखी कितीतरी येऊ शकतं, आणि धारोष्ण म्हणजे न उकळलेलंच. घरी उकळून किती द्यायचं ते आहारतज्ज्ञांना विचारून ठरवा. जाता जाता, पपनसही देऊ नका; ग्रेपफ्रूटसारखंच त्यानेही टॅक्रोलिमसची पातळी चढू शकते. मेडिकलमधून अंगदुखीची गोळी परस्पर आणायची नाही. आणि घशाला, खोकल्याला दुसऱ्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिलं, तर चिठ्ठी ट्रान्सप्लांटच्या दवाखान्यात फोनवर वाचून दाखवूनच गोळी घ्यायची. साधी दिसणारी क्लॅरिथ्रोमायसिन टॅक्रोलिमस दुप्पट-तिप्पट करून ठेवते.

राहिल्या सासूबाई. त्या रोज विचारतात तो प्रश्न मला छळत राहिला. तुम्हाला वाटतं त्या हिशेब मागतात. मला तसं वाटत नाही. ज्या आईने पोटातला अवयव काढून दिला तिच्याशी नंतर कोणी बोलतच नाही, घरातलं सगळं बोलणं पोराच्या रिपोर्टवर. त्यांना खरंच उत्तर द्या, आकड्यासकट: “आत्या, क्रिएटिनिन इतकं आहे, मागच्या महिन्याएवढंच. किडनी चांगली चालतीय, त्रास लघवीच्या वाटेवर आहे.” इन्फेक्शन झालं म्हणजे किडनी वाया गेली असं होत नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं, आणि ते त्यांच्या लेकाने सांगितलं तर आणखी बरं. पुढच्या भेटीला त्यांनाही दवाखान्यात न्या. त्यांच्याकडेही आता एकच किडनी आहे. वर्षातून एकदा बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन त्यांचंही बघायचं असतं, आणि बहुतेक घरांत देणाऱ्याची फाईल ऑपरेशनच्या टाक्यांबरोबरच बंद झालेली असते.

सोनोग्राफी झाली की मूत्राशयात लघवी किती उरते तो आकडा मला कळवा. स्टेंटचा कागद सापडला का तेही. आणि सासूबाईंचं क्रिएटिनिन शेवटचं कधी केलं होतं, ती तारीखही लिहा.